मेणानं राखलेलं कापसाचं बोंड

कागदावर चित्र काढताना पांढरा भाग आपण कोराच सोडतो. पण अख्खं कापडच रंगात बुडवायचं असेल तर? मग पांढरं राहायला हवं ते आधी वितळलेल्या मेणानं झाकायचं. मेणाखाली रंग शिरत नाही. हेच बाटिक!

ही कला बहरली इंडोनेशियातल्या जावा बेटावर. तिथले कारागीर ‘चांटिंग’ नावाच्या तांब्याच्या तोटीतून बारीक धारेनं मेण सोडतात. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर जावाला गेले आणि पुढे बाटिक शांतिनिकेतनात रुजलं. तिकडे जोगजाकार्ता शहरात अम्री याह्या (१९३९-२००४) यांच्यासारख्या चित्रकारांनी नेसायच्या कापडाऐवजी भिंतीवर लावायची बाटिक-चित्रं केली.

ते कॅनव्हासवर जमेल? का नाही! कॅनव्हास म्हणजे बहुतेक वेळा जाड सुती कापडच. आणि यवतमाळ तर कापसाचा जिल्हा. समजा, उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीच्या शिवारातलं कापसाचं झाड काढायचंय. आधी फुटलेल्या बोंडावर मेण लावा, मग सगळं कापड पिवळं रंगवा. आता पिवळ्या फुलावर मेण. त्यावर निळा रंग दिला की पिवळ्यावर निळा बसून हिरवं होतं. पानं झाकली की शेवटी काळी माती. रंग मात्र थंड पाण्यातलाच हवा, गरम रंगात मेण वितळेल ना!

खरी अडचण जाडीची. पातळ कापडात मेण आरपार जातं. कॅनव्हासवर ते वरच बसतं आणि रंग मागून घुसतो. म्हणून मेण दोन्ही बाजूंनी लावावं लागतं. ते तापवायचं काम मोठ्यांचं, बरं का! मेणाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतात. थेट आचेवर मेण पेट घेऊ शकतं.

मेण तडकलं की रंगाच्या बारीक शिरा उमटतात. जावाचे जुने कारागीर त्याला दोष मानतात. मला विचाराल तर बोंडावर त्या छानच दिसतात! त्या हव्या असतील तर कापड चुरगळावं लागतं, म्हणून कॅनव्हास चौकटीवर ताणायचा तो अगदी शेवटी, जुन्या वर्तमानपत्रांत ठेवून इस्त्रीनं मेण काढल्यावर.

दुकानातल्या तयार कॅनव्हासवर बहुधा पांढरा लेप असतो. त्यात मेणही मुरत नाही आणि रंगही. घेताना पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा वरच राहिला, तर दुकानदाराला कोरा तुकडा मागा.