वाडीच्या उन्हातली परीक्षा

"मामाजी, तुम्ही फक्त सही करा ना, बाकी सगळं मी पाहून घेतो," असे म्हणत भाच्याने बँकेचे कागद माझ्यापुढे सरकवले. मे महिन्यातली दुपार होती आणि कूलरमधले पाणी संपत आले होते.

त्याला विजेवर चालणारा तीनचाकी लोडर घ्यायचा आहे. वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांतून माल उचलायचा आणि इतवारी, महालातल्या दुकानांत पोचवायचा, हा त्याचा धंदा. सध्या दारात जुना डिझेलचा छोटा हत्ती उभा आहे. निम्मी कमाई डिझेलच खाते, असे त्याचे म्हणणे. नव्या गाडीच्या कर्जाला जामीनदार म्हणून मी. पेन्शन आणि वाडीतले दोन खोल्यांचे घर, यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

माझी सगळी नोकरी इथल्याच अंबाझरीच्या आयुध निर्माणीत, तपासणीच्या कामात गेली. आमच्या हातात 'गो' आणि 'नो-गो' अशा दोन टोकांचे गेज असे. भोकात 'गो' बाजू गेली पाहिजे आणि 'नो-गो' बाजू जाता कामा नये. मधले उत्तर नाही. साहेब रागावो की महिनाअखेर असो, गेज कुणाचे ऐकत नाही. निवृत्तीनंतर बाहेरच्या जगात आलो तेव्हा कळले, की नव्या यंत्रांच्या बाबतीत असे गेज कुणाच्याच खिशात नसते. माहितीपत्रक मात्र सर्वांच्या हातात असते.

गेज नसले तरी एक शिडी आहे. नासा या अमेरिकी संस्थेतील स्टॅन सॅडिन यांनी १९७४ साली तंत्रज्ञानाची तयारी पायऱ्यांनी मोजण्याची कल्पना मांडली. आधी पायऱ्या सात होत्या, पुढे नऊ झाल्या. पहिल्या पायरीवर नुसते तत्त्व कळलेले असते. चौथीवर प्रयोगशाळेत सुटे भाग जोडून चालवलेले असतात. सहावीवर नमुना साजेशा परिस्थितीत चालवून दाखवलेला असतो. आणि नववीवर यंत्र प्रत्यक्ष मोहिमेत उतरून सिद्ध झालेले असते. या चढणीला किती वर्षे लागतात, ते आम्ही जवळून पाहिले आहे. पिनाका रॉकेटचे काम पुण्याच्या संशोधन संस्थेत १९८६ मध्ये सुरू झाले, आणि १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत त्याची खरी परीक्षा झाली. तेरा वर्षे! आणि तेही सरकारच्या खर्चाने, कुणा लोडरवाल्याच्या हप्त्यांवर नव्हे.

या शिडीत एक मेख आहे. ती शिडी कुठे टेकवली आहे, हे तिच्यावर लिहिलेले नसते.

नागपूरकरांना 'ग्रीन बस' आठवत असेल. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या शहरात चाचणीसाठी धावली. स्टॉकहोममध्ये अशा बसगाड्या १९९० च्या आसपासपासून प्रवासी वाहत होत्या. म्हणजे तिथे ती नवव्या पायरीवर केव्हाच पोचलेली. नागपुरात ५५ गाड्यांची योजना ठरली. गाडी दिसायला देखणी, आत थंडगार. इंजिनाविषयी मी कुणाची मोठी तक्रार ऐकली नाही. पण बस म्हणजे काही नुसते इंजिन नव्हे. तिला ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी ज्वलनाला मदत करणारी रसायने असे खास इंधन लागते, डेपो लागतो आणि वेळेवर पैसे लागतात. देणी थकली, कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत, असे सांगत कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये सेवा थांबवली. स्टॉकहोमची नववी पायरी नागपुरात आली तेव्हा, माझ्या मते, फार तर सहावी होती. यंत्र तेच, त्याच्या भोवतालचे गाव तयार नव्हते.

विजेच्या टॅक्सींचेही तसेच. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओलाने महिंद्राच्या छोट्या मोटारी आणि इतर वाहने मिळून २०० विद्युत वाहनांचा प्रकल्प मोठ्या थाटात सुरू केला. त्याच वर्षी इंडियन ऑइलच्या पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोयही झाली. पेट्रोल पंपावरची देशातली ती पहिली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बातम्या यायला लागल्या, की चालक चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास अडकतात आणि कित्येक जण पुन्हा डिझेलकडे वळू पाहत आहेत. गाडी चालत होती, रांग चालत नव्हती. प्रयोगातून शिकायचे ते सगळेच शिकले असतील. पण त्या शिकवणीची फी रांगेत उभ्या असलेल्या चालकाने आपल्या बुडालेल्या भाड्यातून भरली.

आणि आपले ऊन! २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. मे २०२४ च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बोभाटा झाला. नंतर हवामान खात्याने सांगितले, की सेन्सर बिघडला होता. उष्णता मोजायला बसवलेले यंत्रच इथे असे वागते, तिथे बाकीच्यांची काय कथा!

तेव्हा सही करण्यापूर्वी मी भाच्याला घेऊन विक्रेत्याकडे गेलो आणि म्हटले, गाडी दोन दिवस द्या. पूर्ण माल भरून, भर दुपारी चालवणार. तो हसला. "काकाजी, लोक एक चक्कर मारून बुक करतात!" पण दिली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

माहितीपत्रकात एका चार्जिंगला १२० किलोमीटर लिहिले होते. टाइल्सच्या पेट्या भरून, इतवारीच्या गर्दीत थांबत-थांबत आम्हाला ८३ मिळाले. रात्री चार्जिंगला चार तास लागले. दुपारी पत्र्याच्या शेडखाली लावली तर पावणेसहा. बॅटरी तापली की तिला जपण्यासाठी आतली यंत्रणाच वीज कमी घेते. हा दोष नव्हे, शहाणपण आहे. पण त्या शहाणपणात भाच्याच्या दोन फेऱ्या बुडाल्या. नाक्यावरच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. तो खाली वाकून पाहत म्हणाला, "मी इंजिन आवाजावरून ओळखतो. हिचा आवाजच येत नाही, तर ओळखू काय?"

मग रात्री वहीत हिशोब मांडला. भाच्याचा रोजचा फेरा ६० ते ६५ किलोमीटरचा. आज ८३ पुरतात. पण कर्ज चार वर्षांचे आहे आणि बॅटरी दरवर्षी थोडी थकते. चार वर्षांत पाचवा भाग ताकद गेली, तर ८३ चे ६६ उरतात, म्हणजे अगदी काठावर. त्याहून जास्त गेली तर शेवटच्या वर्षाचे हप्ते माझ्या पेन्शनमधून जातील. दुसरीकडे, डिझेलचा खर्च खरोखरच वाचतो; मी दोन्ही दिवसांचा आकडा मांडून पाहिला आणि भाचा खोटे बोलत नव्हता. सरळ 'नो-गो' म्हणायलाही मन धजेना.

शेवटी मी तीन अटी घातल्या. चार्जिंग रात्री आणि घरीच; त्यासाठी मीटरचा मंजूर भार आधी वाढवून घ्यायचा. छोटा हत्ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विकायचा नाही. आणि बॅटरीची ताकद किती टक्क्यांखाली गेली की ती वॉरंटीत बदलून मिळणार, तो आकडा विक्रेत्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचा. दुसऱ्या अटीवर भाचा चिडला. "मामाजी, दोन-दोन गाड्या ठेवायला मी काय शेठ आहे?" त्याचे चुकले नाही. ती उभी गाडी म्हणजे पैसाच.

भार वाढवण्याचा अर्ज त्याने परवा भरला. वायरमन येऊन भिंत पाहून गेला. आकड्याचे पत्र मात्र अजून आलेले नाही. विक्रेता म्हणतो, कंपनीला विचारले आहे. बँकेचे कागद माझ्या टेबलावर कूलरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून अडकित्त्याखाली ठेवले आहेत.