घटस्फोट वकिलाशिवाय मिळेल, फ्लॅटचं काय?

क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचा घटस्फोट आयपीएलच्या तोंडावर झटपट उरकला, ही बातमी सगळ्यांनी चवीनं वाचली. तेव्हापासून पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये, जिथे नवरा-बायको दोघंही हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत कामाला जातात, एक प्रश्न हमखास निघतो: दोघं राजी असतील तर वकिलाला पैसे का मोजायचे?

कायदा म्हणतो, मोजू नका. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्कच नाही. न्यायालयानं परवानगी दिली तर वकील. जोडपं, न्यायाधीश आणि विवाह समुपदेशक यांनीच बोलून मार्ग काढावा, अशी मूळ कल्पना. पुण्यात हे न्यायालय १९८९ पासून आहे. पण वकिलांना परवानगी सर्रास मिळत गेली आणि अपवाद हाच रिवाज झाला. कायद्यानं उघडं ठेवलेलं दार लोकांना ठाऊकच नसावं, हे मला खटकतं.

परस्पर संमतीचा रस्ता तसा सरळ आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज, सोबत लग्नाचा दाखला, फोटो, आधार, पत्त्याचे पुरावे आणि प्रतिज्ञापत्र. कोर्ट फी किरकोळ. ई-फायलिंगच्या पोर्टलवर वकील नसलेल्या पक्षकारालाही नोंदणी करता येते. अट एवढीच की वर्षभर वेगळं राहिलेलं असावं. इथे टू बीएचकेत अडकलेल्यांना दिलासा आहे. 'वेगळं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. नाइलाजानं एकाच छताखाली राहूनही ते शक्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगितलं. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानं ठरलं. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे विसरू नये.

खरी गोम आहे ती 'कन्सेंट टर्म्स'मध्ये, म्हणजे तडजोडीच्या अटींत. चहल प्रकरण तिथेच अडलं होतं. ठरलेल्या पावणेपाच कोटींपैकी २.३७ कोटीच दिले गेलेत, म्हणून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयानं मुदत माफ केली नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्या. माधव जामदार यांनी अटी वाचल्या. उरलेला हप्ता घटस्फोटानंतर द्यायचा, असं त्यात लिहिलेलंच होतं! १९ मार्च २०२५ ला मुदत माफ करण्याचा आदेश झाला आणि दुसऱ्याच दिवशी घटस्फोट. निकाल फिरला तो कागदावरच्या एका ओळीनं.

आता आपल्याकडे या. समजा, कुणाल आयकॉन रस्त्यावरचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, गृहकर्जही दोघांचं. अटींत लिहिलं: 'फ्लॅट पत्नीकडे राहील, पुढचे हप्ते तीच भरेल.' वाचायला छान. पण बँक या अर्जात पक्षकार नसते, त्यामुळे या वाक्यानं ती बांधली जात नाही. पत्नीचा हप्ता चुकला की फोन नवऱ्यालाही येणार आणि दोघांचाही सिबिल स्कोअर घसरणार. त्यानं रावेतला नवं घर बघायला घेतलं, तर जुनं कर्ज त्याच्या पात्रतेतून वजा. कर्जातून एक नाव काढायचं तर उरलेल्याच्या एकट्याच्या पगारात ते बसतं का, हे बँक बघते. नाही बसलं तर नकार. शिवाय इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, दोघांची नावं तशीच. ती बदलायची तर हक्कसोडपत्र, मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधकाकडे खेप, मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट.

म्हणून अटी लिहिताना हातचं राखू नये. फ्लॅटचा आणि करारनाम्याच्या नोंदणीचा क्रमांक, अमुक तारखेला शिल्लक कर्ज किती, नाव किती महिन्यांत निघणार, बँकेनं नाकारलं तर विकून वाटणी कशी, मुद्रांक शुल्क कुणाच्या खिशातून, पार्किंग कुणाचं, सगळं यायला हवं. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार मसुद्यात यातलं काही नसतं. पोटगी सोडल्याचं आईनं लिहून दिलं, तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्यानं संपत नाही. आणि पत्नीच्या छळाबद्दलची (जुन्या दंड संहितेचं कलम ४९८-अ) फिर्याद झालेली असेल तर ती घटस्फोटानं आपोआप मिटत नाही. ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं.

एकतर्फी, क्रूरतेच्या वगैरे आरोपांवरचा घटस्फोट मात्र स्वतः लढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साक्षीपुरावा आणि उलटतपासणी यूट्यूबवर शिकता येत नाही.

राहता राहिला पैशांचा मुद्दा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली महिलेला तिच्या उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आयटीत पगार घेणारीलाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातच आहे. अर्ज स्वतः करा, पण अटींवर सही करण्याआधी त्या जाणकाराकडून एकदा वाचून घ्या.