चौलचा वेढा आणि १५७१ चा रमजान

क्रुसेडला मराठीत आपण ‘धर्मयुद्ध’ म्हणतो. उर्दूत त्याला ‘सलीबी जंग’ म्हणतात, म्हणजे क्रुसाच्या नावाने लढलेली लढाई. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हे दोन्ही शब्द थोडे अडतात. मराठी कानाला धर्मयुद्ध म्हटलं की महाभारत आठवतं: ठरवलेले नियम, सूर्यास्तानंतर खाली ठेवलेली शस्त्रं. जेरुसलेममध्ये १०९९ च्या जुलैत जे झालं ते तसलं काही नव्हतं. ‘सलीबी जंग’ हा शब्दप्रयोगही एकोणिसाव्या शतकातला आहे. ज्यांच्या शहरांवर स्वाऱ्या आल्या, ते त्या काळचे अरबी इतिहासकार आलेल्या लोकांना नुसतं ‘इफ्रंज’ म्हणत. इफ्रंज म्हणजे फ्रँक. त्या शब्दाचं फारसीत ‘फरंग’ झालं आणि तो फिरत फिरत आपल्याकडे आला. सरळ पात्याची युरोपी तलवार ती ‘फिरंग’. भावमिश्राने सोळाव्या शतकात आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात नोंदवलेला नवा रोग तो ‘फिरंग रोग’. आणि माणूस तो अर्थातच ‘फिरंगी’. म्हणजे क्रुसेडचा इतिहास ज्याने कधी उघडलासुद्धा नाही, त्याच्याही तोंडात त्यातला एक शब्द आहेच.

दरवर्षी हा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो. “सर, यात आपण कुणाच्या बाजूचे?” विचारणारा कधी शेख असतो, कधी मारणे, कधी डिसोझा. प्रश्न गमतीने विचारलेला नसतो. मोबाइलवर अर्धवट ऐकलेलं बरंच काही त्याच्या मागे असतं.

जेरुसलेमपुरतं उत्तर लवकर आटोपतं. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन यांनी हाक दिली, चार वर्षांनी शहर पडलं, मुसलमान आणि यहुदी दोघांचीही कत्तल झाली. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने शहर परत घेतलं आणि बहुतेकांना खंडणी भरून जाऊ दिलं. ज्यांना भरता आली नाही त्यांतले अनेक गुलाम झाले, हेही सांगायला हवं. १२०४ मध्ये क्रुसेडला निघालेल्या फौजेने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं. १२६८ मध्ये सुलतान बैबर्सने अँटिऑकमध्ये जी कत्तल केली, तिला आमच्या बाजूचं पांघरूण घालण्यात काही अर्थ नाही. मध्येच १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि सुलतान अल-कामिल यांनी तलवार न उपसता जेरुसलेमचा तह केला: शहर ख्रिस्त्यांकडे, हरम शरीफ मुसलमानांकडे. या तहावर दोन्हीकडचे धर्मपंडित सारखेच संतापले. १२९१ मध्ये अक्का पडलं आणि शाळेच्या पुस्तकात प्रकरण संपलं.

पण ते संपलं नव्हतं. ते जहाजात बसून आपल्या किनाऱ्याला आलं.

घोटावड्यावरून वाहणारी आपली मुळा वर मुळशी धरणात अडवलेली आहे. त्या धरणाचं पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथून कुंडलिकेत जातं आणि रेवदंडा व कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळतं. या मुखाच्या उत्तरेला जुनं चौल बंदर. इ. स. ९१६ च्या सुमारास, म्हणजे पहिल्या क्रुसेडच्या पावणेदोनशे वर्षं आधी, अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी तिथे उतरला होता. त्याने लिहिलंय की या बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळं. राज्य शिलाहार राजा झंझ याचं. मुसलमानांचे आपसांतले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. इतक्या जुन्या बंदरात पुढे फिरंगी तोफा घेऊन आले.

पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या डोक्यात मिरी होती तसं जेरुसलेमही होतं. मुसलमानांचा मसाल्याचा व्यापार तोडला की इजिप्तचा सुलतान खिळखिळा होईल, आणि मग पवित्र भूमी परत घेता येईल, असा त्याचा हिशेब. त्याच्या जहाजांच्या शिडांवर लाल क्रूस रंगवलेला असे. १५०२ मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणारं ‘मीरी’ हे यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसह जाळलं. मेलेले शेकडो होते. आफोन्सो द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा जिंकलं आणि चार दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल चालवली. राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने ते अभिमानाने सांगितलं आहे. याच आल्बुकर्कच्या मनात मदिनेतून पैगंबरांचे अवशेष उचलून आणायचे आणि त्यांच्या बदल्यात जेरुसलेम मागायचं, असा बेत होता. हे काही त्याच्या शत्रूंनी उठवलेलं नाही. त्याच्या मुलाने बापाच्या कौतुकाने लिहिलेल्या चरित्रात ते आलं आहे.

चौलच्या पाण्यात पहिली मोठी झुंज १५०८ च्या मार्चमध्ये झाली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेन याच्या हाताखाली इथवर आलं होतं, दीवचा मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. सूडाच्या वाटेवर बापाने दाभोळ बेचिराख केलं आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवला मामलुक आरमार बुडवलं. या बातमीने सर्वांत जास्त दुःख कुणाला झालं असेल, तर व्हेनिसच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना. त्यांची मिरी अलेक्झांड्रियातून यायची.

इथून पुढे ‘बाजू’ या शब्दाची पंचाईत सुरू होते. गोवा घेताना आल्बुकर्कच्या मदतीला तिमय्या हा हिंदू आरमारी सरदार होता. १५२१ मध्ये चौलच्या खालच्या अंगाला, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगिजांना किल्ला बांधू दिला तो खुद्द बुऱ्हाण निजामशहाने. का? घोडे. अरबी घोडा समुद्रावरून येणार, समुद्र पोर्तुगिजांच्या हाती. आपल्या बंदरात घोडे उतरावेत म्हणून सुलतानाने क्रूसवाल्यांना जागा दिली. या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मणाच्या घरातला, हेही जाता जाता.

घोड्यांनी जमलेलं परवान्यांनी बिघडवलं. पोर्तुगीज परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, नसेल तर जहाज जप्त. हजच्या जहाजांनाही तेच. परवान्यावर येशू आणि मरियमचं चित्र असे, आणि असा कागद घेऊन हजला जाणं योग्य की अयोग्य, यावर अकबराच्या दरबारातल्या उलेमांमध्ये वाद झाला. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही परवान्यासाठी सुरतेला थांबून राहावं लागलं.

१५७० च्या अखेरीस हे सगळं उफाळून आलं. विजापूरचा अली आदिलशहा, अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा आणि कालिकतचा हिंदू राजा सामोरी यांनी ठरवून एकाच वेळी हल्ला केला. आदिलशहा गोव्यावर, निजामशहा चौलवर, सामोरी चालियमच्या किल्ल्यावर. निजामशहाच्या फौजेचे पोर्तुगीज लेखकांनी दिलेले आकडे लाखाच्या वर जातात. माझा त्यांवर विश्वास बसत नाही, पण फौज प्रचंड होती एवढं नक्की. सेनापती फरहादखान हबशी होता, आणि निजामशाहीच्या फौजेत मराठा शिलेदार-बारगीर तर नेहमीचेच. आपला हा मावळ तेव्हा निजामशाहीत. मुळेच्या खोऱ्यातला कुणी ना कुणी त्या तळावर असणार, असं मला राहून राहून वाटतं. सुरुवातीची मोठी झटापट झाली ती तटाबाहेरच्या फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाभोवती. ज्या संत फ्रान्सिसचे हे साधू, ते स्वतः १२१९ मध्ये, क्रुसेड चालू असताना, नि:शस्त्र चालत सुलतान अल-कामिलच्या छावणीत बोलायला गेले होते, आणि सुलतानाने त्यांना सुखरूप परत पाठवलं होतं. त्याच पंथाच्या चर्चचा मनोरा आजही रेवदंड्यात उभा आहे. गावकरी त्याला ‘सातखणी’ म्हणतात, जरी आज सात मजले उरलेले नाहीत.

आता तारखांकडे बघा. हिजरी ९७८ चा रमजान २७ जानेवारी १५७१ च्या सुमारास लागला आणि ईद २६ फेब्रुवारीच्या आसपास आली. त्या वर्षी ईस्टर १५ एप्रिलला होता, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार २८ फेब्रुवारीला. तटाबाहेर ईदचा चांद दिसला आणि दोन दिवसांत तटाच्या आतल्यांच्या कपाळावर राख लागली. सफरीत आणि लढाईत असलेल्याला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, वेढ्यात अडकलेल्या कॅथलिकालाही कदाचित सवलत मिळत असेल. पण एका बाजूचे उपवास सुटले आणि दुसऱ्या बाजूचे लागले, तरी तोफा काही थांबल्या नव्हत्या. आठवडाभराच्या या गाठीवर मी पंचांग आणि हिजरी तक्ते घेऊन एक रात्र घालवली आहे.

जूनच्या अखेरीस निजामशहाचा शेवटचा मोठा हल्ला फसला आणि तह झाला. एवढ्या फौजेला मूठभर शिबंदीचं ठाणं का घेता आलं नाही? फिरिश्ता हा याच काळातला, अहमदनगर आणि विजापूर दोन्ही दरबारांत वावरलेला मुसलमान इतिहासकार. त्याने आपल्याच माणसांवर ठपका ठेवला आहे: निजामशाही सरदार पोर्तुगिजांनी पाठवलेल्या नजराण्यांना, त्यातही दारूला, वश झाले आणि त्यांनी किल्ल्यात रसद जाऊ दिली. आदिलशहाने पावसाळाभर गोवा धरून ठेवलं, पण त्यालाही डिसेंबरात परतावं लागलं. तिघांपैकी जिंकला एकटा सामोरी. नोव्हेंबरात त्याने चालियम घेतलं. त्या काळी मलबारचे आलिम शेख झैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफतुल मुजाहिदीन’ हा अरबी ग्रंथ लिहिला. पोर्तुगिजांशी लढायला मुसलमानांना चेतवणारा हा ग्रंथ अली आदिलशहाला अर्पण केलेला आहे. आणि त्यात लेखक तोंड भरून कौतुक करतो ते सामोरीचं. मुसलमान सुलतान लक्ष देत नाहीत आणि हा मुसलमान नसलेला राजा आपल्या प्रजेसाठी खजिना रिता करतोय, अशी त्याची खंत आहे.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, भूमध्य समुद्रात लेपांतोजवळ, पोपने जुळवलेल्या आरमाराने उस्मानी आरमाराचा धुव्वा उडवला. वसईकडे ऑक्टोबरात रोझरी मातेचा सण होतो, त्या तारखेचं मूळ या लढाईत आहे. युरोपात घंटा वाजल्या तेव्हा चौलमध्ये तह होऊन तीन महिने झाले होते आणि बंदरात पुन्हा घोडे उतरत होते.

१५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर किल्ला उभारला, तो पोर्तुगिजांनी जिंकला, दोन्हीकडे पुष्कळ माणसं पडली. वसई गेल्यावर, १७४० मध्ये, मराठ्यांशी झालेल्या तहात पोर्तुगिजांनी चौल-कोर्लई सोडलं. मागे काय राहिलं याची मोठी यादी होईल. इफ्तारच्या दस्तरखानावरचं अर्धं ताट त्यांच्याच जहाजांतून आलेलं असतं: अननस, पपई, पेरू, समोशातला बटाटा. ‘पाव’ हा शब्द त्यांचा, आणि महिन्याअखेर आपण ज्याची वाट बघतो तो ‘पगार’ही.

कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत मात्र अख्खी भाषाच राहिली. जेमतेम हजारभर माणसं घरात ती बोलतात आणि तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण शेजारच्या मराठीची, क्रियापद शेवटी. क्लेमंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ज्या शिपायांना जेरुसलेम घ्यायचं होतं, त्यांच्या भाषेत आज त्या गावात माशांचा भाव ठरतो, मुलांना हाका मारल्या जातात. ती मुलं शाळेत मराठी शिकतात, आणि घरात दोन्ही भाषांची सरमिसळ होते.

‘आपण कुणाच्या बाजूचे’ असं विचारणाऱ्यांना मी आता वर्गात उत्तर देत बसत नाही. कोर्लईला जाऊन या म्हणतो. घोटावड्याहून पौड, ताम्हिणी उतरून कोलाड, रोहे, साळाव. सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. किल्ला लांबट, टेकडीच्या धारेवर आहे, दारांवर पोर्तुगीज शिलालेख आहेत, आणि वरून खाडीपलीकडे सातखणी दिसते. उन्हात चढण दमवते, त्यामुळे रोजे असणाऱ्यांनी ईदनंतरचा बेत केलेला बरा.