ऊन लागलं म्हणून?

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात कोणी भोवळ येऊन पडलं, की दुसरं कारण मनातच येत नाही. ऊन लागलं! कांदा हुंगवायचा, पन्हं पाजायचं, सावलीत निजवायचं. यावल तालुक्यातली माझी मामी अशी दोनदा पडली आणि दोन्ही वेळा आम्ही एवढंच केलं. तिसऱ्यांदा पडली ती जानेवारीत, भरिताची वांगी भाजता भाजता. अंगावर शाल होती. तेव्हा कुठे आम्ही हादरलो.

ईसीजी चांगला आला. पण साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा. मग सतत ईसीजी नोंदवणारा होल्टर लावला, तोही दोनच दिवस. वर्षा-दीड वर्षाने येणारी भोवळ नेमकी त्या दोन दिवसांत कशी सापडणार?

म्हणून मग हृदयाचे ठोके सतत नोंदवणारा लूप रेकॉर्डर बसवला. साडेचार सेंटिमीटर लांब, अडीच ग्रॅम वजनाचा. डाव्या छातीवरची जागा बधिर करून सेंटिमीटरभर छेद घेतात आणि तो कातडीखाली सरकवतात. हृदयात तार जात नाही. बॅटरी तीनेक वर्षं पुरते. रहाटगाडग्यासारखी त्याची नोंद भरत राहते, रिती होत राहते. ठोके थांबले किंवा बेफाम झाले, की तेवढा तुकडा तो आधीच्या क्षणांसकट जपून ठेवतो. उशाजवळचं यंत्र रात्री तो मोबाइल नेटवर्कवरून दवाखान्यात पाठवतं. दर वेळी नाशिक-मुंबई गाठावी लागत नाही, हे आमच्या भागासाठी फार मोलाचं.

कारण न सापडलेल्या लकव्यातही तो कामाचा आहे. 2014 च्या ‘क्रिस्टल एएफ’ अभ्यासात वर्षभरात अशा 12 टक्के रुग्णांत हृदयाची अनियमित फडफड सापडली. नेहमीच्या तपासण्यांत 2 टक्क्यांत. ती सापडली, तर रक्त पातळ करणारी गोळी देता येते. मात्र सरसकट सगळ्यांना बसवावा असं मी म्हणणार नाही. डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या, लकव्याचा धोका असलेल्या 6000 लोकांवर झालेल्या अभ्यासात (2021) फडफड तिपटीने सापडली, पण लकवे ठामपणे कमी झाले असं दिसलं नाही. शिवाय तो फक्त नोंद ठेवतो, उपचार करत नाही. आणि स्वस्तही नाही.

मामीची नोंद पाचव्या महिन्यात आली. डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला. ठोका, ठोका, आणि मग सरळ रेघ. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवत मोजलं: सात सेकंद. त्याच आठवड्यात पेसमेकर बसला.