गाडी घेण्यापूर्वी विक्रेता पारखा

आमच्या ओळखीचे एक भाई मिरजेजवळ लोखंडी कपाटे तयार करतात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशिन आणि घरची चार माणसे. वीस वर्षे त्यांचा माल भाड्याच्या टेम्पोने गेला. लग्नसराईत टेम्पो वेळेवर मिळत नाही आणि मिळालाच तर भाडे मनमानी. शेवटी भाईंनी स्वतःचा छोटा टेम्पो घ्यायचे ठरवले. ‘तुम्ही चार कागद वाचलेले आहेत, सोबत चला,’ म्हणाले. म्हणून आम्ही गेलो.

एकूण तीन शोरूम पाहिली. पहिल्या ठिकाणी भाई कामाच्याच कपड्यांत आत शिरले. हातांवर रंगाचे डाग होते. सेल्समनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि आम्हाला विचारले, ‘मालक कुठे आहेत?’ मालक समोरच उभे होते. भाई काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. आम्ही सलाम करून बाहेर पडलो.

दुसऱ्या ठिकाणी खुर्ची मिळाली, थंड पेय मिळाले, ‘चाचा, चाचा’ करत दोन पोरे अवतीभवती फिरत होती. मात्र ‘ऑन रोड’ किमतीत कोणती रक्कम कशाची, असे आम्ही विचारताच सूर बदलला. ‘आधी अकरा हजार भरून बुकिंग करा, मग सगळे समजावून सांगतो,’ असे उत्तर आले.

तिसरे शोरूम लहान होते. तिथल्या माणसाने प्रथम भाईंना विचारले की एका खेपेला किती कपाटे नेता, वजन किती होते, घाट लागतो का, दिवसाला किती किलोमीटर होतात. सगळे ऐकून तो म्हणाला, ‘तुम्हाला मोठे मॉडेल नको. याने काम होईल, लाखभर रुपये वाचतील.’ नंतर त्याने किमतीतील प्रत्येक रक्कम वेगवेगळी लिहिली, सही-शिक्का मारला आणि कागद भाईंच्या हातात दिला. ‘घरी न्या, आणखी दोन ठिकाणी दाखवा, मग ठरवा.’ चहा त्याने विचारलाही नाही. गाडी त्याच्याकडूनच घेतली.

मान म्हणजे काय?

या तीन भेटींतून आम्ही जे शिकलो ते व्यापारी बंधूंपुढे ठेवावेसे वाटते. ग्राहकाचा मान खुर्ची आणि चहात नाही. त्याच्या कष्टाच्या पैशाचा हिशेब त्याला आधी आणि लेखी देणे, हाच खरा मान. अपमान करणारा विक्रेता निदान ओळखू येतो. गोड बोलून हिशेब लपवणारा जास्त महागात पडतो.

कपड्यांवरून माणूस जोखण्याची खोड सगळीकडे आहे. २०२२ च्या जानेवारीत कर्नाटकातील तुमकूर येथे एक शेतकरी मालवाहू गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला असता तिथल्या सेल्समनने त्याची चेष्टा केली. खिशात दहा रुपये तरी आहेत का, अशा अर्थाचे तो बोलला. शेतकऱ्याने थोड्याच वेळात दहा लाख रुपये उभे केले. तेव्हा गाडी लगेच देता येत नाही असे शोरूमला सांगावे लागले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, देशभर गाजले आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या शेतकऱ्याची बाजू जगासमोर आली. आपल्यातील बहुतेकांची येत नाही. म्हणून बुकिंगचे पैसे देण्यापूर्वीच विक्रेता पारखून घेतलेला बरा.

कोटेशन लेखी घ्या

पारख करण्याचा सोपा उपाय म्हणजे लेखी कोटेशन मागणे. त्यात एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी फी, विमा आणि जादा सामान यांच्या रकमा स्वतंत्र हव्यात. सीट कव्हर, मॅट, पॉलिश यांची सक्ती नसते. नको असल्यास स्पष्ट नाही म्हणा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची रक्कम दिसली तर ती कोणत्या नियमाने घेता आणि तिची पावती देणार का, असे शांतपणे विचारा. ही सरकारी फी नव्हे. प्रश्न विचारताच बरेचदा ती रक्कम आपोआप गळून पडते.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर आणून तुलना करा. विम्याची गाडीत जाहीर केलेली किंमत दोन्हीकडे सारखी आहे ना, तेही पाहा. किंमत कमी दाखवून हप्ता स्वस्त दिसतो आणि अपघातानंतर भरपाई अपुरी पडते.

आपल्यातील बरेच जण व्याज टाळण्यासाठी पूर्ण रक्कम भरून गाडी घेतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्ज काढून दिले की शोरूमला त्यावर कमिशन मिळते. त्यामुळे पूर्ण पैसे देणाऱ्याकडे कधी कधी दुर्लक्ष होते किंवा ‘सूट फक्त कर्जावर’ असे ऐकवले जाते. कंपनीने जाहीर केलेली सूट कोणती आणि कर्जापोटी मिळणारी कोणती, हे कोटेशनमध्ये वेगळे लिहून मागा. पूर्ण पैसे म्हणजे नोटांची थैली मात्र नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून रक्कम पाठवा, म्हणजे पुरावाही राहतो.

बिल, नोंदणी आणि कर

मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. छोट्या मोटारींनाही हा १८ टक्के दर लागू झाला. कोटेशनवर कराचा दर लिहिलेला आहे का ते पाहा. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे आणि जे कंपोझिशन योजनेत नाहीत, त्यांना धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवरील कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी बिलावर धंद्याचे नाव आणि जीएसटी क्रमांक हवा. घरच्या वा दुकानाच्या वापरासाठी घेतलेल्या साध्या मोटारीवर ही वजावट सहसा मिळत नाही. ‘मिळेल, मिळेल’ म्हणून कोणी महागडी मोटार गळ्यात मारत असेल तर आधी आपल्या कर सल्लागाराला विचारा.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, गाडीची नोंदणी त्याच राज्यात व्हायची असेल तर नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा आहे आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही. ‘गाडी घेऊन जा, नंबर नंतर येईल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. रस्त्यात काही घडले तर निस्तरावे आपल्यालाच लागते. गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्या. चासी आणि इंजिन क्रमांक बिलाशी जुळवा. गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षी तयार झाली ते लेखी विचारा. वर्षभर आवारात उभी राहिलेली गाडी नवी म्हणून नव्याच किमतीला खपवली जाते, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत.

जुनी गाडी घेताना

जुन्या गाड्यांच्या बाजारात सावधगिरी दुप्पट लागते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या विक्रेत्यांसाठी आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम आला आहे. ते दाखवा, असे सरळ म्हणा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर मूळ मालकाची सही समोर करून घ्या. थकलेले चलन, विम्याची मुदत आणि फिटनेस तपासा. आपल्या भरवशाच्या मेकॅनिकला सोबत न्या. मेकॅनिकला गाडी दाखवू न देणारा विक्रेता ऐब लपवतो आहे असे समजावे.

फसवणूक झालीच तर

‘गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगून पुष्कळ कारागिरांना परत पाठवले जाते. हे अर्धसत्य आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्याबाहेर राहते हे खरे, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी जो वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे स्पष्ट केले. रिक्षा घेऊन स्वतः चालवणाऱ्याचे उदाहरण न्यायालयाने दिले आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचा हक्क जात नाही असेही सांगितले. २०१९ च्या नव्या कायद्यातही हे संरक्षण कायम आहे. म्हणून गाडी स्वतःच्या नावावर घ्या आणि बुकिंगच्या अर्जावर ‘स्वतःच्या उपजीविकेसाठी’ असे लिहा. वाद झाला तर ही ओळ उपयोगी पडते.

प्रथम विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी तक्रार द्या व पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही आणि ५ ते १० लाखांपर्यंत फक्त २०० रुपये आहे. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नका. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. कागद जपून ठेवले असतील तर अर्धे काम तिथेच होते.

आपल्या दुकानातही

टेम्पो घरी आला त्या संध्याकाळी भाई म्हणाले, ‘पहिल्या शोरूमचा राग गेला, पण एक गोष्ट आठवत राहिली. गेल्या वर्षी एक मजूर बाई कपाटाचा भाव विचारायला आली होती. ही काय घेणार, असे समजून मी मान वर करूनही पाहिले नाही.’ आता त्यांच्या शेडमध्ये एक पाटी लागली आहे. तीवर प्रत्येक कपाटाचा भाव, पत्र्याची जाडी आणि पोचवण्याचे भाडे वेगवेगळे लिहिलेले आहे. येणारा कोणीही असो, वाचून घेतो.

शोरूमकडून आपण जी अपेक्षा करतो तीच आपल्या गादीसमोर उभा असलेला ग्राहक आपल्याकडून करत असतो. व्यापारी बंधूंनी गाडी घेताना कोटेशन मागावे आणि माल विकताना ते न मागता द्यावे, इतकेच आमचे सांगणे आहे.