बटण दाबा, वायर कापू नका

वाशीच्या बाजार समितीतून पहाटे माल भरून निघालेली पिकअप सानपाडा, नेरूळ, बेलापूर मागे टाकत सायन-पनवेल महामार्गाने खारघरात शिरते, तेव्हा तिचा खरा कामाचा दिवस सुरू होतो. महामार्गावर गाडी धावत असते. खारघरात मात्र ती धावते कमी आणि थांबते जास्त. उत्सव चौक, शिल्प चौक, पुढे सेक्टरांतल्या दुकानांच्या रांगा. तळोजा औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या मालगाड्यांचं गणितही फार वेगळं नाही. अशा गाडीत सिग्नलला आपोआप बंद होणारं आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होणारं इंजिन असेल, तर ती सोय की कटकट, हा प्रश्न चालकाला दिवसातून अनेकदा पडतो. 'हे कायमचं बंद करून द्या' ही मागणी त्यातूनच गॅरेजपर्यंत पोहोचते. ही मागणी चुकीच्या जागी बोट ठेवते, असं माझं म्हणणं आहे. ही यंत्रणा जिथे नको तिथे बंद ठेवायला गाडीतलं बटण आणि चालकाचा डावा पाय पुरेसे आहेत. वायर कापून ती कायमची मारणं हा मालकाच्या खिशासाठी आणि शहराच्या हवेसाठीही घाट्याचा व्यवहार आहे.

आधी ही यंत्रणा काम कशी करते ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप हाताने गिअर टाकायच्या आहेत. सिग्नलला गाडी पूर्ण थांबली, गिअर न्यूट्रलला आला आणि क्लचवरून पाय उचलला, की मगच इंजिन बंद होतं. आरपीएमचा काटा शून्यावर येतो, मीटरमध्ये गोल बाणातल्या 'ए' अक्षराचा छोटा दिवा लागतो. क्लच दाबला की सेल्फ फिरतो आणि पहिला गिअर पडेपर्यंत इंजिन चालू झालेलं असतं. पण हे प्रत्येक थांब्यावर घडत नाही. इंजिन पुरेसं तापलेलं हवं, बॅटरीत पुरेसा चार्ज हवा, एसीची मागणी फार नको, अनेक गाड्यांत चालकाचा पट्टा लावलेला आणि दार बंद हवं. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी स्वतःला जाळून साफ करत असेल, तर तेवढा वेळही इंजिन चालूच ठेवलं जातं. म्हणजे या यंत्रणेला नकार द्यायला बरीच कारणं आधीच शिकवलेली आहेत. आणि इंजिन बंद होण्याची शेवटची अट, क्लच सोडणं, ही चालकाच्याच हातात, खरं तर पायात, आहे.

ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात टोयोटाने आपल्या क्राउन मोटारीत असं उपकरण बसवून टोकियोच्या रहदारीत चाचणी घेतली, तेव्हा इंधनात सुमारे १० टक्के बचत दिसली होती. आपल्याकडे महिंद्राने स्कॉर्पिओ आणि बोलेरोत 'मायक्रो हायब्रिड' या नावाने ती आणली. २०१५ मध्ये मारुतीने सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्यांत तिला बॅटरीच्या थोड्या मदतीची जोड दिली. या सोयीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कंपन्यांना कागदावरचं ॲव्हरेज वाढवून दाखवायचं असतं, म्हणून ती आली, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. प्रयोगशाळेतल्या ज्या चाचणीवर आपल्याकडचं ॲव्हरेज ठरत आलं, त्या चाचणीत जवळपास चतुर्थांश वेळ गाडी जागेवर उभीच असते. उभ्या गाडीचं इंजिन बंद केलं की आकडा सुधारणारच. पण त्यावरून रस्त्यावर बचत होत नाही, असं सिद्ध होत नाही. तुमचा रस्ता त्या चाचणीसारखा आहे का, एवढाच प्रश्न उरतो. खारघरच्या चौकाचौकात अडकत जाणाऱ्या पिकअपच्या बाबतीत उत्तर 'बऱ्यापैकी आहे' असंच येतं.

आता हिशेब मांडू. अडीच लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल जाळतं, एसी चालू असेल तर वरच्या टोकाला. मधला ०.७ लिटरचा आकडा धरू. दिवसभरात सिग्नल आणि कोंडी मिळून गाडी अर्धा तास उभी राहते आणि वर्षाला ३०० दिवस चालते असं मानलं, तर १५० तास आणि १०५ लिटर होतात. वर सांगितलेल्या अटींमुळे यातला निम्माच वेळ इंजिन खरोखर बंद राहील, असं धरू. तरी ५० लिटरच्या वर डिझेल वाचतं, म्हणजे ९० रुपये भावाने वर्षाला साडेचार हजारांहून थोडे अधिक. या यंत्रणेला लागणारी खास बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा चार-पाच हजारांनी महाग पडली आणि तीन वर्षं टिकली, तर तिचा जादा भार वर्षाला दीड हजाराच्या आसपास. निव्वळ तीन हजार हाती राहतात. हा आकडा डोळे दिपवणारा नाही, पण तोट्याचाही नाही. याच हिशेबात रोजचा उभा राहण्याचा वेळ अर्ध्या तासाऐवजी १० मिनिटं धरला, तर वर्षाची बचत दीड हजारावर येते आणि बॅटरीच्या जादा खर्चाशी जेमतेम बरोबरी होते. सगळं गणित गाडी किती वेळ उभी राहते यावर फिरतं.

यातूनच कायमच्या बंदीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा निघतो. जी गाडी रोज पनवेलहून पुण्याला द्रुतगती मार्गाने जाते, तिची बचत होत नाही हे खरं. पण तिथे ही यंत्रणा त्रासही देत नाही, कारण गाडी थांबतच नाही. जिथे ती वारंवार जाणवते, तिथेच ती डिझेलही वाचवत असते. अपवाद एकच, रांगत चालणारी कोंडी. दोन-तीन सेकंद थांबायचं, चार हात सरकायचं, पुन्हा थांबायचं. अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोटारींवर केलेल्या मोजणीचा निष्कर्ष असा, की थांबा १० सेकंदांहून मोठा असेल तर इंजिन चालू ठेवण्यापेक्षा बंद करून पुन्हा सुरू करणं इंधनाच्या दृष्टीने स्वस्त पडतं. त्याहून छोट्या थांब्यांत बंद-चालूचा खेळ निरर्थक आहे. पण इथे उपाय सोपा आहे. कोंडी दिसली की डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं, कोंडी सुटली की पुन्हा दाबायचं. ज्या सिग्नलवर आकडे उलटे मोजले जातात, तिथे तर किती वेळ उभं राहायचं आहे हे चालकाला समोरच दिसतं. मोठा आकडा दिसला की न्यूट्रल करून क्लच सोडायचा.

'सेल्फ लवकर जातो' हा गॅरेजमधला सर्वांत जुना आक्षेप. साध्या गाडीत असं केलं तर तो बरोबरही आहे. म्हणून तर या गाड्यांचा स्टार्टर वेगळा असतो. साधी गाडी आयुष्यभरात पन्नास हजार वेळा सुरू होईल असं धरलं जात असेल, तर या गाड्यांसाठी हा आकडा अडीच-तीन लाखांच्या घरात धरून स्टार्टर घडवला जातो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर विशेष लेप चढवला जातो. खरं दुखणं बॅटरीत आहे. ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी वारंवार उतरून पुन्हा भरण्यासाठी बनवलेली असते. ती संपल्यावर पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवली, की काही महिन्यांत ती माना टाकते, सिग्नलला सेल्फ अडखळतो, मागून हॉर्न वाजतात आणि दोष यंत्रणेला जातो. त्यात कोकणपट्टीची उष्ण, दमट हवा. कुठलीही लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. म्हणून तक्रार सुरू झाली की पहिली तपासणी बॅटरीची करावी. बॅटरीचा प्रकार बरोबर आहे का, टर्मिनल स्वच्छ आहेत का, अल्टरनेटर पुरेसा चार्ज देतो का. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

कायमची बंदी प्रत्यक्षात कशी होते, हेही जवळून पाहायला हवं. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच्या सेन्सरचा किंवा बॉनेटच्या स्विचचा कनेक्टर काढून टाकणं. यंत्रणा गप्प होते, पण तोच सेन्सर अल्टरनेटरला कधी किती चार्ज करायचं ते सांगत असतो. तो काढला की बॅटरी कमी किंवा जास्त चार्ज होऊ लागते, मीटरमध्ये सूचनेचा दिवा कायमचा लागतो आणि पुढे खरा बिघाड झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वॉरंटीच्या काळात अशी छेडछाड सापडली, तर विजेच्या भागांवरचा दावा अडचणीत येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मुळातल्या रचनेत मनमानी बदल करायला मनाई करतं, हेही विसरू नये. साधं बटण दाबण्यात यातली कुठलीच जोखीम नाही. प्रत्येक वेळी चावी फिरवली की यंत्रणा पुन्हा चालू होते, ते बटण परत दाबावं लागतं, ही तक्रार रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे कंपन्यांनी बटणाला मागची स्थिती लक्षात ठेवायला शिकवणं. वायर कापून ते काम होत नाही.

काही वेळा ही यंत्रणा बंद ठेवणं हेच शहाणपण आहे. पावसाळ्यात सखल रस्त्यावर किंवा भुयारी मार्गात पाणी साचलं असेल, तर त्यात शिरण्याआधी बटण दाबून ठेवावं. सायलेन्सर पाण्याखाली असताना इंजिन बंद पडणं महागात पडू शकतं. मासळी, दूध किंवा औषधं नेणाऱ्या ज्या गाड्यांचं शीतयंत्र इंजिनावर चालतं, त्यांना ती उपयोगाची नाही. जड माल घेऊन घाट चढून आल्यावर लगेच थांबताना टर्बोसाठी इंजिन मिनिटभर चालू ठेवावं. मे महिन्यात केबिनमध्ये दिवस काढणाऱ्या चालकाला एसी हवा असेल, तर त्याला तो मिळालाच पाहिजे. त्याच्या घामावर डिझेल वाचवणं योग्य नाही. आणि एक सुरक्षेचा नियम कधीही मोडू नये. आपोआप बंद झालेली गाडी म्हणजे बंद केलेली गाडी नव्हे. माल उतरवायला खाली उतरताना हँडब्रेक ओढून चावी काढलीच पाहिजे.

अमेरिकेत हा वाद राजकारणात गेला आहे. २०१५ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपच्या छोट्या टर्बो इंजिनासोबत ही सोय आली, पुढे बहुतेक कंपन्यांनी ती घेतली. मे २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखांनी तिच्यासाठी कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतींवर जाहीर टीका केली. तो राग आपल्याकडे जसाच्या तसा उचलण्याचं कारण नाही. तिथे पिकअप बहुधा घरची ऑटोमॅटिक गाडी असते आणि ब्रेक दाबला की इंजिन चालकाला न विचारता बंद होतं. इथे पिकअप पोटापाण्याची गाडी आहे, डिझेल हा तिचा सर्वांत मोठा रोजचा खर्च आहे, आणि क्लचमुळे निर्णय चालकाकडेच राहतो. आपली खरी अडचण वेगळी आहे. वाचलेलं डिझेल थेंबाथेंबाने मालकाच्या हिशेबात जातं आणि कोणाला दिसत नाही. अडखळलेला सेल्फ आणि बंद पडलेला एसी मात्र चालकाला लगेच जाणवतो. मालकाने महिन्याचं ॲव्हरेज लिहून ठेवलं आणि बचतीतला वाटा चालकाला दिला, तर निम्मा विरोध आपोआप मावळेल.

शेवटचा आक्षेप असा, की तीन हजार रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला. एका गाडीपुरता तो आकडा लहानच आहे. पण सिग्नलला उभ्या गाडीचा धूर फक्त मालकाचा राहत नाही. तो शेजारच्या दुचाकीस्वाराच्या, रिक्षातल्या प्रवाशाच्या आणि रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलांच्या छातीत जातो. तळोज्याच्या कारखान्यांच्या वासाबद्दल खारघरचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण चौकात उभ्या असलेल्या इंजिनांचा धूर कमी करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ज्या जुन्या पिकअपमध्ये ही सोय नाही, तिचा चालकही लांबलचक सिग्नलला किंवा दुकानासमोर माल उतरवताना चावी फिरवून तेच काम करू शकतो. ज्यांच्या गाडीत ती आहे, त्यांनी बॅटरी योग्य ठेवावी, बटण कधी दाबायचं ते शिकावं आणि बाकीचा वेळ यंत्रणेला तिचं काम करू द्यावं.