विश्लेषण : मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर रुग्णांना आधी काय हवे असते? चालणे की हाताची पकड?

अपघातात पाय लुळे पडलेला माणूस यंत्राच्या मदतीने पुन्हा चालू लागल्याचे व्हिडीओ अधूनमधून व्हायरल होतात. मात्र खुद्द रुग्णांना विचारले, तेव्हा चालण्याचा क्रमांक पहिला आला नाही. मग त्यांना आधी काय हवे आहे?

दुखापतीत नेमके काय होते?

मेंदू आणि शरीर यांच्यातील संदेश मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मेरुरज्जूमार्फत पोहोचतात. वाहन अपघातात किंवा उंचावरून पडून मणका मोडला आणि मेरुरज्जू चिरडला गेला, तर त्याखालच्या भागाशी मेंदूचा संपर्क तुटतो. इजा मानेत असेल तर हात-पाय दोन्ही, पाठीत असेल तर पाय निकामी होऊ शकतात. मोडलेले हाड जुळते. मेरुरज्जूतील तंतू मात्र सहसा पुन्हा वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक या दुखापतीसह जगत आहेत.

रुग्णांनी काय सांगितले?

स्वतः या दुखापतीसह जगणाऱ्या अमेरिकी संशोधक किम अँडरसन यांनी ६८१ जणांचे सर्वेक्षण २००४ मध्ये प्रसिद्ध केले. हात-पाय दोन्ही गमावलेल्यांनी सर्वाधिक पसंती हाताच्या हालचालीला दिली. फक्त पाय गमावलेल्यांनी लैंगिक क्षमतेला. लघवी आणि शौचावरील ताबा दोन्ही गटांना महत्त्वाचा वाटला. कारण उघड आहे. हाताची पकड परत आली, तर स्वतःच्या हाताने जेवता येते, मोबाइल वापरता येतो, प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला हाक मारावी लागत नाही.

संशोधन कुठवर आले?

स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०२३ मध्ये मेंदूतील संकेत वाचून मेरुरज्जूला विद्युत उत्तेजना देणारी प्रणाली जाहीर केली. तिच्या साह्याने नेदरलँड्सचा एक रुग्ण चालू लागला. ही प्रणाली शस्त्रक्रियेने बसवावी लागते.

‘आर्क-ईएक्स’ या उपकरणाला शस्त्रक्रिया लागत नाही. मानेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून विद्युत उत्तेजना द्यायची आणि सोबत हातांचा व्यायाम करायचा, ही त्याची पद्धत. ६० जणांच्या चाचणीत ७२ टक्के रुग्णांच्या हातांची ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही सुधारली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. मेरुरज्जूला अपूर्ण इजा झालेल्या, म्हणजे काही संपर्क शिल्लक असलेल्या रुग्णांसाठी ते आहे.

तोवर जगणे कशाने सुधारते?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण दगावत ते बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात नियमित कूस बदलणे, स्वच्छता, व्यायाम आणि खेळ यांवर भर दिला आणि चित्र पालटले. तिथल्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये याच स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले.

आजही पाया तोच आहे. अंथरुणावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, व्हीलचेअरवर ठरावीक वेळाने शरीराचा भार हलवणे, त्वचा रोज तपासणे आणि मूत्राशय वेळेवर रिकामे करणे. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, तर मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

घरच्यांना काय करता येईल?

‘कधी चालणार?’ असे रोज विचारण्याआधी दोन गोष्टी मोजून पाहाव्यात : घराच्या उंबरठ्याची उंची आणि बाथरूमच्या दाराची रुंदी. व्हीलचेअर आत गेली, तर आंघोळीसाठी कुणाची वाट पाहावी लागणे बरेच कमी होते.